ड्रमचे रूम माइक: लांबची स्टिरिओ जोडी की एकच मोनो रिबन?

कुडाळ-सावंतवाडीकडच्या नाहीतर दापोली-गुहागरकडच्या जुन्या घरात ड्रम मांडून मेटल रेकॉर्ड करायचं म्हटलं की क्लोज माइक (प्रत्येक ड्रमजवळ लावलेले) आणि ओव्हरहेड (किटच्या वर लावलेले) यांवर फारसं कुणाचं अडत नाही. अडतं ते रूम माइकवर, म्हणजे खोलीत घुमलेला आवाज टिपायला लांब ठेवलेल्या माइकवर. साधारण दोन पर्याय समोर असतात. पहिला म्हणजे किटपासून तीनचार मीटरवर, एकमेकांपासून दीडदोन मीटर अंतरावर उभे केलेले दोन कंडेन्सर (वीज लागणारे, नाजूक कॅप्सूलचे माइक) आणि मिक्समध्ये एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. दुसरा म्हणजे किटच्या बरोबर समोर एकच रिबन (चुंबकात बसवलेल्या धातूच्या पातळ पट्टीचा माइक), मधोमध पॅन केलेला. दोन्हींनी चांगले आवाज निघतात. माझा कल कुठे आहे ते पुढे कळेलच.

आधी खोलीबद्दल थोडं. गिलावा न केलेल्या चिऱ्याच्या भिंती आणि वर उतरतं कौलारू छप्पर असेल तर निम्मं काम झालं. खडबडीत, भोकं भोकं असलेला चिरा वरचा चरचरीत भाग थोडा खातो आणि छत जमिनीला समांतर नसल्यामुळे आवाज वर-खाली आपटत राहत नाही. माजघरावर माळा असेल तर छत बुटकं पडतं, तिथे ओटी बरी. स्लॅबच्या बंगल्यातला गिलावा, ऑइल पेंट आणि फरशीचा हॉल मात्र टाळी वाजवताच टणटणतो. तिथे रूम माइकपेक्षा आधी दोन भिंतींना गाद्या उभ्या कराव्यात.

जोडीची बाजू घ्यायची तर रुंदी हा तिचा खरा गुण. टॉमचा फिल डावीकडून उजवीकडे खोलीसकट फिरतो आणि हेडफोनवर ऐकणारा किटच्या पुढ्यात बसतो. गाणं संथ असेल, गिटार एकच असेल, तर जोडीला तोड नाही. लेड झेपेलिन या बँडच्या हेडली ग्रेंज (इंग्लंडमधलं जुनं घर) इथल्या रेकॉर्डिंगमध्ये इंजिनिअर अँडी जॉन्स यांनी जिन्यावर वर टांगलेले दोन बायर एम १६० माइक आजही उदाहरण म्हणून सांगितले जातात, आणि ते योग्यच आहे. फक्त तिथे ठेका संथ होता, दोन फटक्यांमध्ये जिन्याला घुमायला भरपूर जागा होती, आणि माइक कंडेन्सर नसून रिबन होते, या तीन गोष्टी सांगणारे बहुधा विसरतात.

वेगवान मेटलचं गणित वेगळं. २०० बीपीएमवर (मिनिटाला २०० ठोके) डबल किकच्या सोळाव्या मात्रा दर ७५ मिलिसेकंदांनी पडतात. खोलीचं शेपूट (फटक्यानंतर घुमत राहणारा आवाज) त्याहून लांब असेल तर किक एकमेकींत मिसळून खाली नुसता घुर्र आवाज उरतो. म्हणून जोडी असो वा मोनो, रूम ट्रॅकवर हायपास (खालचा आवाज कापणारा फिल्टर) १०० ते १२० हर्ट्झपर्यंत बिनधास्त चढवावा. संथ गाण्यात ६० पुरे. ३०० ते ५०० हर्ट्झमधला डब्यात घुमल्यासारखा आवाज दोनतीन डीबी काढला की बहुतेक खोल्या मोकळ्या होतात.

माझ्यापुरता निकाल लागतो तो सिम्बलवर, म्हणजे किटच्या झांजांवर. रूम ट्रॅक मिक्समध्ये जिवंत वाटावा म्हणून तो कॉम्प्रेसरने (मोठा आवाज दाबून बारीक आवाज वर आणणाऱ्या यंत्राने) चेपावा लागतो. ११७६ जातीचा कॉम्प्रेसर, ८:१ किंवा सगळी बटणं एकदम दाबलेली, आणि आवाज किती दाबला ते दाखवणारी सुई १० ते १५ डीबी मागे. स्नेअर पडला की सुई मागे जाते आणि रिलीज (दाब सोडण्याचा वेग) जलद असेल तर लगेच परत येते. परत येताना ती जे उचलते ते स्नेअरचं शेपूट नसतं, तर तेव्हा वाजत असलेला क्रॅश आणि अर्धवट उघडा हायहॅट हे सिम्बल असतात. परिणामी कोरसमध्ये प्रत्येक स्नेअरनंतर श्श्श करत एक लाट उसळते आणि पुढच्या फटक्याला दबते. क्लोज माइकवर कितीही मेहनत घ्या, ही लाट सगळ्यावर पसरते. शिवाय डबल ट्रॅक केलेल्या गिटारी आधीच दोन्ही टोकांना बसलेल्या असतात. जोडीतले सिम्बल नेमके तिथेच, ३ ते ६ किलोहर्ट्झमध्ये त्यांच्या अंगावर येतात. मग गिटारची धार गेली म्हणून गिटार वाढवायची, ड्रम मागे गेले म्हणून रूम वाढवायचा, असा खेळ सुरू होतो.

यावर उपाय नाहीत असं नाही. कॉम्प्रेसरच्या आधी ६ ते ८ किलोहर्ट्झवर लोपास (वरचा आवाज कापणारा फिल्टर) लावावा. नंतर लावला तर कॉम्प्रेसर सिम्बल ऐकूनच हलत राहतो. अटॅक (दाबायला लागण्याचा वेग) मंद ठेवावा आणि रिलीज ठेक्याला जुळवावा. ११७६ मध्ये अटॅक आणि रिलीजचे खटके उलटे चालतात, मोठा आकडा म्हणजे जलद, हे नवख्यांना गंडवतं. त्यानंतर गेट (फटका नसताना ट्रॅकचा आवाज खाली करणारा), आणि त्याची चावी स्नेअर-टॉमच्या क्लोज माइकला, म्हणजे ते वाजले तरच तो उघडेल. होल्ड (उघडा राहण्याचा वेळ) ८० ते १२० मिलिसेकंद, रिलीज दीडशेच्या आसपास, पण गेट पूर्ण बंद न करता १० ते १२ डीबीच खाली न्यावा, नाहीतर खोलीचा दिवा कुणीतरी सारखा चालू-बंद करतंय असं वाटतं. रूमवर गेट ही युक्ती जुनीच. लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत इंजिनिअर ह्यू पॅजम यांनी टॉकबॅक माइकचा (वादकांचं बोलणं ऐकायच्या माइकचा) चेपलेला आवाज गेटमधून काढला तेव्हापासून ती रॉकमध्ये रुळली आहे. डबल किकच्या गाण्यात किकला मात्र गेट उघडू देऊ नये.

हे सगळं करून जोडी सुधारते. पण इतकं केल्यावर तिच्यातली रुंदी आणि हवा, म्हणजे ज्यासाठी ती लावली तेच, बऱ्यापैकी गेलेलं असतं.

रिबनकडे मी यासाठीच झुकतो. बहुतेक रिबनच्या ऐकण्याचा आकार इंग्रजी आठचा: माइक समोर आणि मागे ऐकतो, दोन्ही कडांना जवळजवळ बहिरा. तो माइक किटकडे तोंड करून न लावता कड किटकडे करून लावावा, म्हणजे त्याची दोन्ही तोंडं बाजूच्या भिंतींकडे होतात. अंतर तीन मीटर, उंची स्नेअरच्या आसपास, छातीच्या वर नको. थेट येणारे सिम्बल कडेवर मरतात, आणि ट्रॅकवर येतो तो भिंतींवरून परतलेला आवाज, ज्याची वरची धार चिऱ्याने आणि रिबनने मिळून आधीच उतरवलेली असते. हायहॅट आणि राइड थोडे बाजूला असल्याने पूर्ण जात नाहीत, पण तीन मीटरवरून तो कोन लहान असतो. दीड मीटरवर लावलात तर हा फायदा निम्म्याहून कमी होतो. असा ट्रॅक १५ डीबी चेपला तरी लाट उसळत नाही, स्नेअर मागून फुगतो आणि टॉमना पोट येतं. लोपास बहुतेकदा लागतच नाही.

फेज, म्हणजे दोन माइकांच्या लहरी एकमेकींना जुळतात की मारतात ते, एकदा बघावा लागतो. तीन मीटर म्हणजे सुमारे ९ मिलिसेकंदांचा उशीर. ट्रॅक सरकवून ओव्हरहेडला चिकटवला तर खोली आक्रसते, म्हणून मी तो जागीच ठेवून फक्त पोलॅरिटी (लहरीची वर-खाली दिशा) उलटसुलट करून बघतो आणि स्नेअर ज्या बाजूला जाड लागेल ती ठेवतो. अगदी जलद गाण्यात तीनचार मिलिसेकंद पुढे ओढायला हरकत नाही.

मोनोचे तोटेही आहेत. मधोमध आधीच किक, स्नेअर, बास आणि गायक यांची गर्दी असते. त्यामुळे रूम थोडा जरी वाढला तरी गायक मागे ढकलला जातो. फेडर हळूहळू वर न्यावा, रूम ऐकू यायला लागला की दोन डीबी मागे घ्यावा आणि व्हर्समध्ये आणखी तीनचार डीबी उतरवावा. ब्लास्ट बीट (सलग, अतिजलद ठेका) सुरू झाली की म्यूट, संथ ब्रेकडाउनला पुन्हा वर. फिलमध्ये रुंदी कमी पडते हे खरंच, ती ओव्हरहेडकडून आणि टॉमच्या पॅनिंगमधून काढावी लागते.

किनाऱ्यावरच्या हवेचाही विचार हवा. दमट हवेत कंडेन्सरच्या कॅप्सूलमध्ये फटफट, चुरचुर सुरू होऊ शकते आणि चेपलेल्या ट्रॅकवर ती थेट वर येते. सिलिका जेलच्या पुड्या घातलेला हवाबंद डबा आणि रेकॉर्डिंगआधी माइक तासभर कोरड्या खोलीत, एवढं तरी पाळावं. रिबनला दमटपणाचं तितकं वावडं नाही, त्याला वारा नको. खाडीकडची खिडकी उघडी, पंखा चालू, तर पट्टी ताणली जाते. काम संपलं की त्याच्यावर पिशवी हवी, विशेषतः गंजलेल्या ग्रिलचं वेल्डिंग-ग्राइंडिंग जवळपास चालू असेल तर, कारण लोखंडाचे कण चुंबकाला जाऊन चिकटतात. आणि फॅन्टम, म्हणजे कंडेन्सरला केबलमधून मिळणारी ४८ व्होल्टची वीज. आठ चॅनलच्या बऱ्याच इंटरफेसमध्ये (माइक संगणकाला जोडणाऱ्या डब्यांमध्ये) ४८ व्होल्टचं बटण चार-चार चॅनलना मिळून असतं. रिबन स्नेअर-टॉमच्या डायनॅमिक (फॅन्टम न लागणाऱ्या) माइकांच्या गटात जोडावा, ओव्हरहेडच्या गटात नाही. केबल खराब असली तर त्या ४८ व्होल्टने पट्टी जाऊ शकते.

कौलांच्या फटींतून कावळे, रातकिडे आणि गाज आत येणारच. १५ डीबी चेपून तितकंच वर आणलं की तेही १५ डीबी वर येतात. हा त्रास दोन्ही पर्यायांना सारखाच. गेट थोडा झाकतो. पावसाळ्यात कौलाखाली दोन्हींचा विचार सोडावा.

रिबन परवडत नसेल तर साधा डायनॅमिक कार्डिओइड (मुख्यतः समोरून ऐकणारा) किटकडे पाठ करून भिंतीकडे तोंड केला तरी बरंचसं तेच मिळतं, वरचा भाग मात्र जरा कोरडा लागतो.

डूम, स्टोनर (मेटलच्या संथ जाती), एका गिटारचा बँड, आणि लग्नसराई उरकल्यावर रिकामा मिळणारा कार्यालयाचा मोठा हॉल, असं जुळत असेल तर जोडीच घ्या, मी अडवणार नाही. बाकीच्यांनी जोडी लावलीच असेल आणि मिक्समध्ये लाट उसळत असेल, तर हायहॅटपासून लांबचा एकच माइक ठेवा, मधोमध आणा, ७ किलोहर्ट्झवर कापा आणि मग चेपा. सत्राच्या शेवटी स्नेअर आणि प्रत्येक टॉमचे सिम्बलशिवाय सुटे पाचसहा फटके, प्रत्येक विरून जाईपर्यंत थांबून, रूम माइकसकट घेतलेले असतील तर तेच ट्रिगरने (प्रत्येक फटक्याबरोबर साठवलेला फटका वाजवणाऱ्या साधनाने) मूळ ट्रॅकखाली भरा. ड्रमर किट आवरायला लागण्याआधी हे मागून घ्यावं लागतं.