तंबाखू की क्लॅमिडोमोनास? जनुकाचं स्थलांतर पाहायचं असेल तर

हरितलवकातलं जनुक केंद्रकात जाताना प्रयोगात पकडायचंय आणि जीव कोणता निवडावा ते ठरत नाही? माझं मत तंबाखूला. क्लॅमिडोमोनासचा मोह का होतो, तेही कळतं. एकपेशीय शैवाल, काही तासांत दुप्पट होणारं, एका ताटलीत कोट्यवधी पेशी. हरितलवकात बाहेरचं जनुक बसवणं पहिल्यांदा जमलं तेही त्यातच, 1988 मध्ये. तंबाखूत ते 1990 मध्ये साधलं. शिवाय तंबाखूचं बी हाती यायला काही महिने जातात.

पण क्लॅमिडोमोनासच्या पेशीत हरितलवक एकच असतं, पेल्याच्या आकाराचं, जवळपास अर्धी पेशी व्यापणारं. ते फुटलं की पेशीच संपली, मग सुटलेला डीएनए केंद्रकात शिरून पुढे टिकणार कसा? 2003 मध्ये शोध घेतला तेव्हा तिथे असं एकही स्थलांतर सापडलं नाही. तंबाखूच्या पानातल्या पेशीत मात्र हरितलवकं डझनांनी असतात. एखादं फुटलं तरी पेशी जगते.

त्याच वर्षीचा तंबाखूवरचा प्रयोग मला फार सुंदर वाटतो. कानामायसिन या प्रतिजैविकाला सोसण्याचं जनुक हरितलवकात बसवलं, पण केंद्रकात गेल्यावरच चालू होईल अशा बेताने. मग त्या झाडांचे पराग साध्या झाडांच्या फुलांवर घातले. तंबाखूत हरितलवकं आईकडून येतात, परागातून जवळजवळ नाहीतच. त्यामुळे कानामायसिनवर पांढुरक्या पडलेल्या रोपांच्या गर्दीत एखादं हिरवंगार दिसलं, की त्याला ते जनुक बापाच्या केंद्रकातून मिळालेलं. सुमारे 2,50,000 रोपांत अशी 16 निघाली, म्हणजे दर 16,000 परागांमागे एक! पानाच्या पेशींतून निवड केली तर हेच प्रमाण 50 लाख पेशींमागे एक इतकं खाली येतं. तेव्हा परागाचाच रस्ता धरा.

शैवाल कधी घ्यावं? पूर्वीच पार पडलेलं स्थलांतर अभ्यासायचं असेल तेव्हा, आणि तेही तंतुकणिकेचं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या आणि स्वतःचा डीएनए असलेल्या भागाचं. क्लॅमिडोमोनासच्या तंतुकणिकेत उरलेला डीएनए जेमतेम 15,800 बेसजोड्यांचा. कॉक्स-2 हे श्वसनाच्या एका प्रथिनाचं जनुक तर दोन तुकड्यांत केंद्रकात जाऊन बसलंय, आणि त्या दोन तुकड्यांची दोन प्रथिनं एकत्र येऊन काम करतात.

तंबाखू घेतलीत तर हिरवं रोप दिसल्यावर थांबू नका. त्याचं स्वपरागण करून पुढच्या पिढीत कानामायसिनवर हिरवी आणि पांढुरकी रोपं 3:1 प्रमाणात येतात का ते मोजा. नव्याने घुसलेला डीएनए बऱ्याच वंशांत टिकत नाही, पुन्हा गळून जातो.