सीडी४ मोजणी: दोन यंत्रं की एकच?

नवीन लॅब काढणाऱ्या मैत्रिणीला पेच पडलाय: सीडी४ (एचआयव्हीत घटणाऱ्या, प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) मोजायला दोन यंत्रांची पद्धत घ्यावी की एका यंत्राची? ब्रोशर बाजूला ठेवून बोलू.

पहिल्या पद्धतीत फ्लो सायटोमीटर (लेझरने एकेक पेशी ओळखणारं यंत्र) लिम्फोसाइटमध्ये (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) सीडी४ किती, याची फक्त टक्केवारी देतो. लिम्फोसाइटचा एकूण आकडा सीबीसीच्या (रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीच्या) यंत्रातून घ्यायचा आणि गुणाकार करायचा. दोन्हींच्या चुका उत्तरात उतरतात. एकाच रक्ताचे दोन लॅबमधले आकडे फाकण्याचं हे एक मोठं कारण. एका यंत्राच्या पद्धतीत ठरावीक संख्येचे बीड्स (सूक्ष्म मणी) रक्तात मिसळून, त्यांच्याशी तुलना करून थेट आकडा काढतात, त्यामुळे तफावत कमी. पण सगळी भिस्त पिपेटवर (रक्त मोजून घेण्याच्या नळीवर)! ५०ऐवजी ४५ मायक्रोलिटर रक्त गेलं, तर निकाल १० टक्क्यांनी खाली येतो. कंट्रोल रक्त (ज्याचा आकडा आधीच माहीत असतो) रोज चालवणं आणि बाहेरून येणारे ईक्यूए (बाह्य गुणवत्ता तपासणीचे) नमुने तपासणं दोन्हीकडे सारखंच. यात कंजुषी नको.

खर्चात पहिली पद्धत स्वस्त, बीड्स महाग. मात्र शिळ्या नमुन्यावर सीबीसीचं यंत्र लवकर रुसतं.

रुग्णालयातच लॅब असेल, रक्त ताजं मिळत असेल, किंवा पाच वर्षांखालची मुलं जास्त असतील (त्यांच्यात टक्केवारीच महत्त्वाची), तर पहिली पुरे. नमुने दुरून येत असतील आणि मायक्रोलिटरमागे २०० पेशींच्या आसपासच्या आकड्यावर उपचार ठरत असतील, तर दुसरीच घ्यावी.