मझल ब्रेक घ्यावा का? लांब पल्ल्याच्या रायफलवाल्यांसाठी

मझल ब्रेक म्हणजे रायफलच्या नळीच्या तोंडावर बसणारी भोकांची टोपी. ती विकली जाते ती 'धक्का निम्म्यावर' एवढ्या एका वाक्यावर. वाक्य फारसं खोटं नाही, पण त्यावर भुलून ब्रेक घेतला तर पैसे वाया जाण्याचीच शक्यता जास्त. सहा-सात किलोच्या रायफलवर ६.५ क्रीडमूर काडतुसाचा धक्का असा कितीसा असतो? खांदा तो सहज सोसतो. पंचाईत होते ती डोळ्याची. रायफल उसळते, निशाणा स्कोपबाहेर जातो आणि गोळी कुठे पडली हे शेजारच्याला विचारावं लागतं. स्वतःची गोळी पडताना स्वतः बघायची असेल तर ब्रेक घ्या. नुसतं खांद्याचं दुखणं असेल तर आधी चांगलं रबरी पॅड लावून बघा.

गंमत म्हणजे हा फायदा १००० यार्डांपेक्षा ४०० यार्डांवर जास्त जाणवतो. १००० यार्डांना ६.५ क्रीडमूरची गोळी सुमारे दीड सेकंद घेते. तेवढ्या वेळात रायफल पुन्हा जागेवर आणता येते. ४०० यार्डांना हातात जेमतेम अर्धा सेकंद असतो.

ब्रेक गोळीला काहीच करत नाही. तिच्यामागून सुटणारा वायू तो बाजूला आणि थोडा मागे वळवतो. त्यामुळे गोळीच्या वजनाच्या मानाने काडतुसातली दारू जितकी जास्त, तितका त्याचा उपयोग मोठा. .३०८ विंचेस्टरमध्ये ११.३ ग्रॅमच्या गोळीमागे पावणेतीन ग्रॅमच्या आसपास दारू असते; .३०० विंचेस्टर मॅग्नममध्ये १२.३ ग्रॅममागे साडेचारच्या वर. मॅग्नमवाल्याला फरक पहिल्याच गोळीत कळतो. जड रायफलमधल्या .२२३ साठी मात्र हा खर्च हौसेचाच.

प्रकारांत सगळीकडून गोल भोकं असलेला ब्रेक दिसायला देखणा, पण पालथं झोपून मारणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. खालची भोकं जमिनीवरची धूळ उडवतात, आणि ज्यासाठी ब्रेक घेतला ते दृश्यच झाकलं जातं. तळ बंद आणि दोन्ही बाजूंना तीन-चार मोठे कप्पे असलेला घ्यावा. कप्पे मागे कललेले असले की धक्का आणखी कमी होतो, पण तो भडका तुमच्या आणि शेजाऱ्याच्या तोंडावर येतो. भोकाचं माप गोळीच्या व्यासापेक्षा साधारण अर्धा मिलिमीटर मोठं असावं. ६.५ चा ब्रेक ६ मिलिमीटरच्या नळीवर चालतो, थोडा कमी काम करतो इतकंच. उलटं केलंत तर गोळी ब्रेकवर आदळेल.

बिघडतं ते बहुतेक बसवताना. नळीवरचे आटे बाहेरच्या अंगाला समांतर असून भागत नाही, ते आतल्या छिद्राशी एकाच अक्षात हवेत. बसवल्यावर, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, मापाचा सरळ गेज रॉड नळीतून घाला आणि तो ब्रेकच्या भोकात सगळीकडून सारख्या अंतरावर दिसतो का ते पाहा. एका बाजूला चिकटलेला दिसला तर गोळी झाडू नका, नळी परत लेथवर जाऊ दे.

दुसरी चूक कप्पे आडवे न येण्याची. ब्रेक तिरका थांबला की नळी एका बाजूला ढकलली जाते. दाबून बसणारा क्रश वॉशर इथे नको. त्याचा दाब सगळीकडून सारखा नसतो. शिम, म्हणजे पातळ चकत्या, वापरा किंवा मागे लॉकनट असलेला ब्रेक घ्या. शिमचा हिशोब सोपा आहे: ५/८-२४ आट्यांचा (५/८ इंच व्यास, इंचाला २४ आटे) एक फेरा म्हणजे १.०६ मिलिमीटर, म्हणजे ०.१ मिलिमीटरच्या शिमने ब्रेक सुमारे ३४ अंश आधी थांबतो. हाताने घट्ट केल्यावर १०-१५ अंश बाकी राहतील असं जमवा. उरलेलं पाना करतो. पाना लावताना पकड नळीवर हवी. ॲक्शन (नळी जिच्यात बसते तो मधला भाग) धरून ब्रेक सोडवायला गेलात तर नळीच ढिली व्हायची. आटे चिकटवायचं निळं लॉकटाइट ब्रेकच्या तापमानाला टिकत नाही. रॉकसेट हे दुसरं चिकटद्रव्य टिकतं, आणि काढायचं असेल तेव्हा पाण्यात भिजवलं की सुटतं.

आता आवाज. या व्यवहाराची खरी किंमत हीच. .३०८ ब्रेकशिवायही १४० डेसिबलच्या धोक्याच्या रेषेच्या बऱ्याच वर असते. ब्रेक त्यात भर घालतो, तीही नेमबाजाच्या कानाकडे. कानात फोमचे बोळे, वर कान झाकणारे मफ, दोन्ही हवेत. दोघांचे आवाज घटवण्याचे आकडे एकमेकांत मिळवू नका. दुसऱ्या आवरणाने संरक्षण साधारण पाचच डेसिबलने वाढतं. छपराखालच्या रेंजवर शेजारच्या लेनवाल्याची क्षमा आधीच मागून ठेवा. शिकारीत कान उघडे राहतात, तिथे ब्रेक नकोच. दुसरा पर्याय सप्रेसरचा, म्हणजे आवाज दाबणाऱ्या नळकांड्याचा. अमेरिकेत त्याच्यावरचा २०० डॉलरचा कर जानेवारी २०२६ पासून शून्य झाला आहे, नोंदणी मात्र चुकलेली नाही. ब्रेकपेक्षा धक्का थोडा जास्त आणि रायफल वीतभर लांब चालत असेल, तर तिकडे वळणं शहाणपणाचं.

स्पर्धेचे नियमही आधी वाचा. पीआरएस (प्रिसिजन रायफल सिरीज) स्पर्धांमध्ये ब्रेक चालतो. रायफल टेकवून लांबवर नेम धरायच्या एफ-क्लासमध्ये बंदी आहे, त्यातला .३०८ चा एफ-टीआर गट असो की ओपन. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या रायफल प्रकारांतही तो निषिद्ध आहे. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं त्या रायफल प्रकारात ब्रेकचा प्रश्नच येत नाही.

ब्रेक बसवल्यावर १०० यार्डांवर पुन्हा झीरो करा, म्हणजे स्कोपचा नेम गोळीशी जुळवा, तो सरकतोच. पाच गोळ्यांचा गट अचानक पसरला तर दारू किंवा गोळ्या बदलत बसण्याआधी ब्रेक ढिला झालाय का ते बघा. त्यासाठी बसवतानाच ब्रेक आणि नळीवरून एक सलग बारीक रेघ मारून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की कारण सापडलं.