केसांच्या नादात मलाच टोपी घातली

आधीच सांगतो, क्लिनिकचं नाव लिहिणार नाही, वकिलाने नको म्हटलंय, त्यामुळे विचारू नका. पुण्यातलं हेअर ट्रान्सप्लांटचं आहे एवढंच.

माझं वय २९. बाबांना पस्तिशीतच पूर्ण टक्कल पडलेलं, माझं पण कपाळ दोन्ही बाजूंनी मागं सरकायला लागलेलं आणि घरात स्थळं बघणं सुरू झालं तसं मी जास्तच घायकुतीला आलो. तीन महिने रोज रात्री व्हिडिओ बघत बसायचो, मागचे केस पुढे लावायच्या तीन पद्धती, एफयूटी करू की एफयूई की डीएचआय. एक्सेल शीट केलेली, हसू नका. एफयूटी म्हणजे डोक्याच्या मागून कातडीची पट्टीच काढतात, टाके घालतात आणि पट्टीतून मुळं सुटी करतात, मागे एक आडवा व्रण राहतो. एफयूईत एक मिलिमीटरच्या आतबाहेरच्या बारीक पंचने मुळांचा एकेक पुंजका, म्हणजे ग्राफ्ट, उचलतात. टाके म्हटल्यावर माझी फाटली आणि एफयूटी पहिल्याच आठवड्यात कटाप.

क्लिनिकमध्ये डॉक्टरच्या आधी एक कौन्सेलर मॅडम भेटतात. गोड बोलणं, चहा, टॅबवर आधी-नंतरचे फोटो. "सर, एफयूई आता जुनं झालं, डीएचआय घ्या, ना कट ना डाग." एफयूई ३० रुपये ग्राफ्ट, डीएचआय ४५. मला लागणार ३,००० ग्राफ्ट, म्हणजे १,३५,०००. वर म्हणे पक्कं बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी लागेल, तुमचेच वाचवतोय. मी पण शहाणा, चोवीस हजार वाचले म्हणून खूश. पर्सनल लोन काढलं आणि दोन दिवसांत दोन हप्त्यांनी पैसे जीपे केले, ते पण क्लिनिकला नाही, कुणाच्या तरी स्वतःच्या नंबरवर.

आता जे मला नंतर कळलं ते आधी सांगतो. डीएचआयमध्ये सुद्धा मागून केस काढतात ते एफयूईसारखेच, पंचनेच. फरक फक्त पुढे बसवताना. पेनासारखं एक यंत्र असतं, चोई पेन म्हणतात, कोरियातून आलेलं, त्याच्या पोकळ सुईत ग्राफ्ट भरून टोचतात, म्हणजे भोक पाडणं आणि बसवणं एकदमच. त्यामुळे "ना डाग" ही सरळ सरळ थाप, मागचे ठिपके दोन्हीत राहतातच. मी तीन महिने पद्धतीवर डोकं घासलं आणि तो पंच हातात धरणार कोण हे एकदाही विचारलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टर आले, दहा मिनिटांत मार्करने कपाळावर रेघ मारली आणि जे गेले ते परत दिसलेच नाहीत. पुढचे सात तास तीन पोरं. भुलीची इंजेक्शनं पण त्यांनीच दिली (ती मात्र जाम दुखतात, कोणी काही म्हणो). एकाला सहज विचारलं काय शिकलायस, तर म्हणे बारावी, मग दिल्लीला ट्रेनिंग. मी पालथा पडलेला, डोकं रक्ताळलेलं, तिथून उठून जाणार कुठे? नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच सांगितलंय की ही सर्जरी प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच करायची, वर्कशॉप किंवा यूट्यूब बघून नाही. हे पण मला नंतरच कळलं म्हणा.

ताईला दाखवायला म्हणून त्यातल्याच एका पोराला माझ्या फोनवर व्हिडिओ काढायला लावलेला, तोच आता कामाला आला. त्यात स्वच्छ दिसतंय, आधी ब्लेडने चिरा पाडून ठेवल्यात आणि दोघं चिमट्याने ग्राफ्ट खोचतायत. पेन कुठेच नाही. म्हणजे साधं एफयूईच, पैसे डीएचआयचे.

महिन्याभरात लावलेले केस गळाले. ते गळतातच, नवीन यायला तिसरा-चौथा महिना लागतो आणि पूर्ण रिझल्टला वर्षभर, म्हणून मी शांत होतो. क्लिनिकवाले पण दर वेळी तेच, धीर धरा सर, पीआरपीच्या (आपल्याच रक्तातला भाग डोक्यात टोचतात) चार सिटिंग घ्या, सिटिंगला पाच हजार. तेरावा महिना लागला तरी पुढे नुसती विरळ झालर.

मग दुसऱ्या एका स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी डिस्चार्जचा कागद मागितला, त्यावर लिहिलेलं ३,०१० फॉलिकल. म्हणाले, ग्राफ्ट नाही लिहिलेलं, बघितलंत? एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात, सरासरी दोन धरा. यांनी केस मोजलेत, म्हणजे ग्राफ्ट जेमतेम दीड हजार. आणि तेही एकाच पट्ट्यात दाटीने उपसलेत, त्यामुळे मागे कसर लागल्यासारखं दिसतं. ते मागचं केसांचं कोठार परत भरत नाही. पुढची रेघ पण विशीतल्या पोरासारखी खाली आणि सरळ मारलीय, बाबांचं टक्कल बघता रेघेमागचे आधीचे केस गेले की ती एकटीच बेटासारखी उरणार. फिनास्टेराइड, मिनॉक्सिडिल या केस टिकवायच्या औषधांचं कुणी बोललं का? नाही बोललं. आणि मला ज्याची भीती होती ते एफयूटीच कदाचित माझ्यासाठी बरं पडलं असतं असं पण म्हणाले, मी केस लांबच ठेवतो, व्रण झाकला गेला असता.

ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार टाकली. पक्कं बिल नाही, त्यामुळे जीपेची नोंद, तो व्हिडिओ आणि मॅडमचे "ना कट ना डाग"वाले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, एवढाच पुरावा. तुम्ही कुठे करत असाल तर जीएसटी भरा बाबांनो, आणि कागदावर "ग्राफ्ट" हा शब्द, पद्धत आणि ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरचा रजिस्ट्रेशन नंबर लिहून घ्या.

मागच्या आठवड्यात मॅडमचा फोन आला होता. वीस हजार परत देतो, पण गुगलवरचा रिव्ह्यू काढा. रिव्ह्यू अजून तिथेच आहे. लोनचे हप्ते पण आहेत, अजून अकरा.