हिरवळीच्या हद्दीवरची प्लास्टिकची पट्टी : दोन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

हिरवळ आणि फुलझाडांचे वाफे यांच्या सीमेवर पुरण्यासाठी काळ्या प्लास्टिकची जी पट्टी 'एजिंग' या नावाने गुंडाळीच्या रूपात विकली जाते, ती मी दोन वर्षांपूर्वी बागेत बसवली. बसवल्यावर आठवड्याभरातच अभिप्राय लिहिला असता, तर तो निव्वळ कौतुकाचा झाला असता, कारण नवी कड आठवडाभर सुरेखच दिसते. परंतु गवताच्या वाढीचे दोन हंगाम उलटल्याशिवाय या वस्तूची खरी परीक्षा होत नाही, म्हणून मुद्दाम थांबून हे लिहीत आहे.

पट्टीविषयी बोलण्याआधी गवताविषयी बोलणे भाग आहे, कारण ही पट्टी उपयोगी ठरेल की नाही हे बरेचसे गवताच्या जातीवर ठरते. माझी हिरवळ हरळीची आहे. हरळी दोन वाटांनी पसरते. तिची आडवी खोडे जमिनीवरून धावत जातात आणि प्रत्येक पेराशी मुळे सोडतात. त्याच वेळी जमिनीखालून तिच्या काश्या, म्हणजे मातीतली आडवी खोडे, सरकत असतात आणि त्या कोठे डोके वर काढतील याचा नेम नसतो. टॉल फेस्क्यू किंवा राय यांसारखे झुपक्याने वाढणारे गवत ज्यांच्याकडे आहे, त्यांना या खरेदीची फारशी गरज नाही. फावड्याने सरळ कापलेली चर आणि वर्षातून तीन-चार वेळा तिची डागडुजी एवढे त्यांना पुरते. सेंट ऑगस्टीन जातीचे गवत केवळ जमिनीवरून धावते, त्यामुळे त्याचे आक्रमण निदान डोळ्यांना दिसते. खरा त्रास हरळी, किकुयू, झोयसिया अशा दोन्ही वाटांनी चालून येणाऱ्या गवतांचा आहे.

सालीचे तुकडे किंवा पालापाचोळा पसरून आच्छादन केलेल्या वाफ्यात हे गवत इतक्या उत्साहाने का शिरते, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. आच्छादनामुळे तण दबते असे आपण ऐकलेले असते आणि ते खरेही आहे, पण ते बियांपासून उगवणाऱ्या तणापुरते. पाच ते आठ सेंटिमीटर जाडीच्या थराखाली रुजलेल्या बारीक बीजाची शिदोरी उजेडापर्यंत पोहोचण्याआधीच संपते. काशीचे तसे नसते. तिला मागची सगळी हिरवळ पोसत असते, त्यामुळे ती अंधारातून निवांतपणे वाट काढू शकते. त्यात आच्छादनाखालची माती ओलसर, भुसभुशीत, खतावलेली आणि स्पर्धक नसलेली. आपण झाडांसाठी केलेली सगळी सरबराई हरळीच्या पथ्यावर पडते.

आता वस्तूविषयी. पट्टीची उंची १५ सेंटिमीटर आहे, जाडी सुमारे तीन मिलिमीटर आहे आणि वरची कड बोटाएवढ्या जाड नळीसारखी गोल आहे. एका गुंडाळीत १० मीटर पट्टी येते. माझ्या वळणदार वाफ्याची कड १४ मीटरची असल्याने दोन गुंडाळ्या घ्याव्या लागल्या. प्रत्येक गुंडाळीबरोबर सहा प्लास्टिकच्या खुंट्या आणि एक जोडनळी मिळाली. याच प्रकारात एक मिलिमीटरच्या आसपास जाडीची, नालीदार पत्र्यासारखी लहरी पट्टीही मिळते. ती घेऊ नये. शेजारच्या बागेत ती मी पाहिली आहे; हाताने दाबली तरी ती वाकते आणि तिची खोली इतकी कमी असते की हरळीला ती अडथळा वाटतही नसावी.

खोलीचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. हरळीच्या बहुतेक काश्या मातीच्या वरच्या १५ सेंटिमीटरांत असतात, मात्र भुसभुशीत किंवा रेताड जमिनीत त्या याहून खोल जातात. पट्टीची उंची १५ सेंटिमीटर असली तरी गोल कड जमिनीच्या वर ठेवावी लागते, म्हणजे प्रत्यक्ष खोली साडेतेरा सेंटिमीटरांच्या आसपासच मिळते. वेष्टनावर 'गवताचा कायमचा बंदोबस्त' असे लिहिलेले आहे. साडेतेरा सेंटिमीटरांत कायमचा बंदोबस्त होत नाही. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी २० सेंटिमीटरांची घेईन, खोदाई वाढली तरी.

बसवण्याचे काम वेष्टनावरच्या चित्रात दाखवले आहे तितके सोपे नाही. गुंडाळी उघडताच ती पुन्हा वेटोळे घालून बसते, त्यामुळे ती कडक उन्हात एक-दोन तास पसरून ठेवावी लागली. ऊन लागल्यावर मात्र ती चांगली नरम झाली आणि वळणांवर शहाण्यासारखी बसली. वाफ्याच्या बाजूने तिरकी आणि हिरवळीच्या बाजूने उभी अशी चर मी खणली, पट्टी हिरवळीच्या उभ्या भिंतीला टेकवली आणि मागून माती चेपून भरली. खुंट्यांनी मात्र निराशा केली. कोरड्या घट्ट मातीत पहिल्या तीन खुंट्या हातोडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या घावालाच वाकल्या, म्हणून पुढे लोखंडी सळईचे तुकडे ठोकले. दहा मीटरला सहा खुंट्या हा हिशेबही कमीच पडतो. सरळ भागात मीटरला एक पुरते, पण वळणावर प्रत्येक अर्ध्या मीटरला आधार दिला नाही तर पट्टी सरळ होऊ पाहते आणि माती ढिली करते.

चर खणताना वाफ्यातल्या जुन्या काश्या वेचून काढणे हे पट्टी बसवण्याहून मोठे काम निघाले. वेष्टनावर त्याचा उल्लेख नाही, आणि हे काम टाळले तर पट्टी काहीच करू शकत नाही, कारण मग ती शत्रूला आतच कोंडून ठेवते. काशीचा एखादे पेर असलेला तुकडा मातीत राहिला तरी त्यातून नवे गवत फुटते. म्हणून कुदळीने घाव घालण्यापेक्षा बागकामाच्या दातेरी काट्याने माती उचलून हाताने वेचणे बरे. घाई करून यंत्राने माती फिरवली, तर एका काशीच्या वीस होतात. मला याला तीन सुट्ट्या लागल्या आणि तरीही पुढच्या दोन महिन्यांत सात-आठ ठिकाणी पाती वर आलीच.

या पहिल्या साफसफाईनंतर पट्टीने जे काम केले त्याबद्दल मी समाधानी आहे, परंतु ते काम नेमके कोणते हे समजायला मला वेळ लागला. पट्टी गवताला थांबवत नाही. ती त्याला वर यायला लावते. पूर्वी काशी हिरवळीतून निघून वाफ्याच्या मध्यावर, गुलाबाच्या बुडख्यातून उगवायची आणि ती तेथे कधी पोहोचली हे कळायचेही नाही. आता ती पट्टीला धडकते, तिच्या कडेने वळते आणि हिरवळीच्याच बाजूला पृष्ठभागावर येते, किंवा तिची धावती खोडे गोल कडेवरून उघडउघड पलीकडे झेप घेतात. गवत वाढण्याच्या दिवसांत दर दहा-बारा दिवसांनी कडेने एक फेरी मारायची आणि पट्टीवर आडवी पडलेली खोडे कात्रीने कापायची, एवढेच काम उरले आहे. १४ मीटरला दहा मिनिटे लागतात. ज्यांना ही दहा मिनिटेही द्यायची नाहीत, त्यांनी पट्टीवर पैसे घालू नयेत, कारण न कापलेले खोड आच्छादनावर उतरले की ओलाव्याला लागून पेरापेरांतून मुळे सोडते आणि मग पट्टी असूनही नसल्यासारखी होते.

याच कारणासाठी आच्छादनाची पातळी गोल कडेच्या खाली दोन-तीन सेंटिमीटर राखणे आवश्यक आहे. पहिल्या वर्षी मी हौसेने आच्छादन कडेला समपातळीत भरले. दिसायला ते छान होते. पण हरळीला तो पूलच झाला, आणि माती उकरणारे पक्षी रोज सकाळी सालीचे तुकडे हिरवळीवर भिरकावू लागले, ते वेगळेच.

आता तक्रार. जोडनळी ही या संचातली सर्वांत वाईट वस्तू आहे. ती दोन पट्ट्यांच्या वरच्या गोल कडांत घुसते आणि वरून पाहणाऱ्याला जोड अगदी सफाईदार दिसतो. खाली मात्र दोन पट्ट्यांची टोके फक्त एकमेकींना टेकलेली असतात. उन्हाने आणि थंडीने प्लास्टिक लांबते, आखडते, आणि आखडले की तेथे उभी फट पडते. बसवल्यानंतर सुमारे चार महिन्यांनी जोडापासून हातभर अंतरावर वाफ्यात हरळीचा हिरवा झुपका दिसला. आच्छादन बाजूला करून बोटांनी माती उकरत मी मागे मागे गेलो. काशी पांढरीफटक, सुताच्या दोरीएवढी जाड, दर अडीच-तीन सेंटिमीटरांवर पेर आणि पेरावर कोरड्या तपकिरी खवल्याचे वेष्टन. टोक सुईसारखे ताठ. ती जोडापाशी आली होती आणि नखही जेमतेम शिरेल अशा फटीतून तिने अंग चपटे करून वाट काढली होती. फटीतला तिचा भाग फितीसारखा दबलेला होता, आणि बाहेर पडताच ती पुन्हा गोल झाली होती. रागही आला आणि थोडे कौतुकही वाटले.

विक्रेत्याला विचारले असता त्याने जोडनळी नीट बसली नसेल, असे उत्तर दिले. ती नीटच बसली होती. उपाय शेवटी मीच केला : दोन्ही टोकांची गोल कड २० सेंटिमीटरपर्यंत कापून टाकली, पट्ट्या एकमेकींवर तेवढ्या चढवल्या, आणि दोन्ही बाजूंनी सळ्या ठोकून आवळून बसवल्या. तेव्हापासून त्या जोडातून काही आलेले नाही. निर्मात्याने जोडनळीऐवजी हे एक वाक्य सूचनापत्रात छापले असते तरी चालले असते.

यंत्राने गवत कापणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. कड जमिनीच्या वर दीड सेंटिमीटरांपेक्षा अधिक ठेवू नये. तेवढी असेल तर यंत्राचे चाक तिच्यावरून आरामात जाते आणि पात्याला ती लागत नाही. परंतु दोरीने गवत कापणारे यंत्र पट्टीजवळ नेऊ नये. एकदा घाईत मी ते नेले आणि गोल कडेवर उंदराने कुरतडल्यासारख्या खाचा पडल्या, त्या आजही दिसतात. पोलादी पट्टीला ही भीती नसते, ती अधिक बारीक आणि देखणीही दिसते. मात्र तिची किंमत बरीच अधिक असते आणि वळणांवर ती बसवायला दोन माणसे लागतात. विटांची कड मी आधी करून पाहिली होती. विटा दिसायला सुंदर, पण दोन विटांमधली प्रत्येक सांध म्हणजे हरळीला दिलेले आमंत्रण, आणि सांधेत रुजलेले गवत उपटताना हाताला फक्त पाती येतात.

आच्छादनाखाली अंथरायचे तणरोधक कापड मला पट्टीबरोबर घेण्याचा आग्रह झाला होता. ते मी नाकारले, कारण त्याआधीच्या वाफ्यात ते वापरून हात पोळलेले होते. पहिले वर्ष चांगले जाते. मग वरचे आच्छादन कुजून त्याची माती होते, त्या मातीत बी रुजते, आणि कडेने आलेल्या काश्या कापडाच्या विणीत अशा गुंततात की कापड फाडल्याशिवाय गवत निघत नाही. त्याऐवजी पुठ्ठ्याचे थर एकमेकांवर चढवून, भिजवून, त्यावर आच्छादन टाकलेले मला अधिक मानवले. पुठ्ठा काही महिन्यांत विरून जातो, पण तेवढ्या काळात वेचणीतून निसटलेल्या अशक्त काश्यांची बरीचशी ताकद खर्ची पडते. हरळीला सावली सोसत नाही, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. माझ्या वाफ्याच्या ज्या भागात झुडपांची सावली कडेपर्यंत येते, तेथे कात्री जवळजवळ लागतच नाही.

टिकाऊपणाबद्दल तक्रार नाही. दोन उन्हाळ्यांनंतरही प्लास्टिक ठिसूळ झालेले नाही, रंग थोडा राखाडी झाला आहे एवढेच. मोठ्या पावसानंतर फुगणाऱ्या काळ्या मातीने एका ठिकाणी पट्टी बोटभर वर उचलली होती. ती पायाने दाबून खाली गेली नाही, तेवढा भाग उकरून पुन्हा बसवावा लागला. अशी माती असेल तर सळ्या तिरक्या ठोकाव्यात, म्हणजे पट्टी वर सरकत नाही.

पाचपैकी मी या पट्टीला साडेतीन गुण देतो. पट्टीला चार दिले असते. अर्धा गुण जोडनळीसाठी आणि त्या वाकणाऱ्या खुंट्यांसाठी कापला आहे. दुसऱ्या गुंडाळीतली सुमारे पावणेसहा मीटर पट्टी उरली होती. तिचे मी अर्ध्या मीटरचे तुकडे केले आणि वाफ्याच्या ज्या टोकाला हिरवळ तीन बाजूंनी भिडते तेथे, पहिल्या पट्टीच्या आतून, तळ दहा सेंटिमीटर आणखी खाली जाईल असे एकमेकांवर चढवून पुरले. त्या टोकाला या हंगामात अजून तरी एकही पाते दिसलेले नाही.