क्रेट भरणी यंत्र : नऊ महिने वापरल्यानंतर

गेल्या आठवड्यात सकाळी काम सुरू होऊन अर्धा तासही झाला नव्हता, आणि आमच्या भरणी यंत्राने जवळजवळ क्रेटभर टोमॅटो सरळ जमिनीवर ओतले. खाली क्रेट नव्हता. रिकामा क्रेट मागच्या पट्टीला अडकून तिरका उभा होता, आणि पट्टा मात्र काही झालंच नाही असा माल सोडत होता. प्रतवारीच्या टेबलावरच्या मावशी ओरडल्या, "अहो दादा, बंद करा, खाली क्रेट नाही!" मी धावत जाऊन लाल बटण दाबलं. यंत्र थांबल्यावर वजनाच्या पडद्याकडे नजर गेली. तिथे उणे १.८ किलो असा आकडा होता.

या आकड्याने मला तीन रात्री झोपू दिलं नाही. आमचा रिकामा क्रेट १.८ किलोचा आहे. यंत्र क्रेटचं वजन आधीच वजा धरतं, त्यामुळे जागेवर क्रेट असेल तर काटा शून्य दाखवतो आणि नसेल तर उणे १.८. म्हणजे खाली क्रेट नाही हे यंत्राला ठाऊक होतं, ते पडद्यावर लिहूनही दाखवत होतं, आणि तरीही माल ओतत होतं.

हा अनुभव मुख्यतः त्यासाठी लिहितोय. पट्टा किती लांब, मोटर किती ताकदीची, तासाला किती क्रेट, ही माहिती सगळ्यांकडे असते. आमचं यंत्र अर्धस्वयंचलित आहे: वर माल आणणारा पट्टा, खाली रोलरवर क्रेट, रोलरखाली वजन मोजणारा लोडसेल, क्रेट वर-खाली करणारा हवेचा सिलिंडर. टोमॅटो, ढोबळी मिरची आणि काकडी असा तिन्ही माल यावरून जातो. दिवसाला सरासरी चारशे क्रेट.

आता यंत्र फसलं कसं ते. क्रेट जागेवर आला की नाही हे ओळखायला बाजूला एक प्रकाशाचा सेन्सर असतो. समोरच्या बाजूला अंगठ्याएवढा लाल चकाकणारा तुकडा, तोच रिफ्लेक्टर. सेन्सरमधून निघालेला किरण त्यावर आपटून परत आला, तर मध्ये काही नाही. परत आला नाही, तर मध्ये क्रेट आहे. आता विचार करा, त्या तुकड्यावर माती बसली, टोमॅटोचा रस उडाला किंवा धुताना पाण्याचे थेंब राहिले, तर काय होईल? किरण परत येत नाही, आणि यंत्र धरून चालतं की क्रेट आला. मळ साचला की या यंत्राला नसलेला क्रेट दिसतो.

बनवणाऱ्याने इथेच उलटा विचार करायला हवा होता. सेन्सर बिघडला, घाण झाला, त्याची वायर तुटली, काहीही झालं तरी पट्टा थांबला पाहिजे. क्रेट आल्याचा पुरावा मिळाल्याशिवाय माल सुटताच कामा नये. आमच्या यंत्रात क्रेट नसल्याचा पुरावा मिळाला नाही की माल सुटतो. धूळ, चिखल आणि रस यांच्यातच ज्याचं आयुष्य जायचं आहे अशा यंत्राला ही रचना का दिली असेल, हे मला अजून पटलेलं नाही.

सेवा केंद्राला फोन केला. पहिलं उत्तर आलं, "रिफ्लेक्टर पुसणं वापरणाऱ्याचं काम आहे, पुस्तिकेत लिहिलंय." पुस्तिका काढून पाहिली. आठवड्यातून एकदा मऊ कापडाने पुसा, असं खरंच लिहिलंय. पण आम्ही रोज पुसतो. त्या दिवशीही पुसला होता, आणि पुसून अर्ध्या तासात एक फुटलेला टोमॅटो त्यावर उडाला. मी विचारलं, "साहेब, पडद्यावर उणे वजन दिसत असताना पट्टा चालू कसा राहतो?" ते म्हणाले, प्रोग्राममध्ये बदल करायचा तर वेगळे पैसे पडतील, आणि माणूस पाठवायचा तर भेटीचे पैसे आधी भरावे लागतील. हमीचे अजून तीन महिने शिल्लक आहेत, हे मी चार वेळा सांगितलं. शेवटी माणूस आला, पण बिल घेऊनच आला.

आलेला मुलगा वयाने लहान आणि कामाला हुशार होता. त्याने मेनू उघडला, पासवर्ड टाकला आणि दोन पानं पुढे जाऊन मला एक ओळ दाखवली: 'किमान टेअर'. समोर आकडा होता शून्य. टेअर म्हणजे रिकाम्या क्रेटचं वजन. ही मर्यादा शून्य असेल तर यंत्र क्रेटचं वजन तपासतच नाही. त्याने तिथे १.५ किलो टाकलं, आणि 'ठरावीक टेअर'ऐवजी 'दर क्रेटला टेअर' ही पद्धत निवडली. आता सेन्सर काहीही सांगो, रोलरवर किमान दीड किलोचं काही बसल्याशिवाय पट्टा हलत नाही. या सगळ्याला वीस मिनिटं लागली. म्हणजे सोय पहिल्या दिवसापासून यंत्रात होती. बसवून देताना कुणी ती चालू केली नाही आणि आम्हाला पासवर्डही दिला नाही. नऊ महिने आम्ही त्या सोयीशिवाय काम केलं.

इथे माझं एक जुनं मत बदललं, तेही लिहायला हवं. सुरुवातीच्या दोन महिन्यांत मी सगळ्यांना सांगत होतो की या यंत्राचा काटा बेभरवशाचा आहे. पंधरा किलोचा क्रेट बाहेरच्या काट्यावर तपासला की आतला माल कधी १४.८५ भरायचा, कधी १५.२. मी लोडसेलला दोष देत होतो. आता कळलं की दोष ठरावीक टेअरचा होता. आमच्याकडे दोन खेपांमध्ये घेतलेले क्रेट आहेत, दिसायला अगदी सारखे, पण एका खेपेचा क्रेट दुसऱ्यापेक्षा सव्वाशे ग्रॅमने जड निघाला. त्यात धुऊन ओले आलेले क्रेट आणखी वजन घेऊन येतात. यंत्र सगळ्यांचे १.८ किलोच वजा करत होतं. सेलची काही चूक नव्हती, मी त्याला उगाच नावं ठेवली.

दर क्रेटला टेअर घ्यायचा म्हणजे प्रत्येक क्रेटमागे साधारण दोन सेकंद जास्त, कारण रोलरवर आलेला क्रेट स्थिर व्हावा लागतो. चारशे क्रेटला आठशे सेकंद, म्हणजे दिवसाला तेरा-चौदा मिनिटं. बसवणाऱ्यांनी वेग जास्त दिसावा म्हणून ठरावीक टेअर ठेवला असणार. पण हिशेब करून पाहा. क्रेट हलका निघून क्रेटमागे दीडशे ग्रॅम माल जास्त गेला, तर शंभर क्रेटमागे पंधरा किलो, म्हणजे पूर्ण एक क्रेट फुकट. चारशेला चार क्रेट, रोजचे. चौदा मिनिटं वाचवायला चार क्रेट माल देणं मला कुठल्याही अंगाने परवडत नाही. वाटेत पाणी उडून माल थोडा घटतो, म्हणून थोडं वर भरणं बरोबरच आहे. ते किती भरायचं हे मात्र मी ठरवणार, क्रेटच्या वजनाने नाही.

काट्याबद्दल अजून एक गोष्ट, कारण ती शिकायला मला फार वेळ लागला. टोमॅटो शंभर ग्रॅमचा असेल, तर एका टोमॅटोहून बारीक वजन हे यंत्र साधूच शकत नाही. पट्टा आधी वेगाने माल सोडतो, शेवटी सावकाश एकेक सोडतो, आणि पट्टा थांबला तरी हवेत असलेला एखादा खाली पडतोच. त्याची भरपाई सेटिंगमध्ये देता येते, पण फळ अर्धं करता येत नाही. ही अडचण नवी नाही. जपानमध्ये इशिदा कंपनीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बहुमुखी वजनयंत्र काढलं ते ढोबळी मिरचीसाठीच. मिरच्या लहानमोठ्या असतात, त्यामुळे पुड्यांची वजनं जुळत नव्हती. त्यात माल आधी अनेक छोट्या कप्प्यांत पडतो, प्रत्येक कप्प्याचं वजन होतं, आणि हव्या त्या वजनाच्या सगळ्यात जवळ जाणारी जोडणी यंत्र निवडतं. कप्पे दहा असले तरी वेगवेगळ्या १०२३ जोडण्या होतात. छोट्या पुड्यांसाठी ते अप्रतिम आहे. पंधरा किलोच्या क्रेटला शंभर ग्रॅमची चूक म्हणजे पाऊण टक्क्याहून कमी, आणि त्यासाठी तेवढं महाग यंत्र घेणं मला तरी पटत नाही. कुणी तसं सुचवलं तर आधी स्वतःचा क्रेट किती किलोचा आहे ते बघा.

आता जी गोष्ट मनापासून आवडली ती. क्रेट वर-खाली करणारा सिलिंडर. रिकामा क्रेट आधी वर उचलला जातो, इतका की पट्ट्याचं टोक जवळजवळ त्याच्या तळाशी येतं, आणि माल भरत जाईल तसा तो खाली उतरतो. त्यामुळे पहिल्या टोमॅटोपासून शेवटच्यापर्यंत पडण्याची उंची सारखीच, आणि कमी. हाताने भरताना आम्ही पहिले काही किलो क्रेटच्या काठावरून ओतायचो. बाहेरून काही दिसायचं नाही. पण रंग धरायला लागलेल्या टोमॅटोला आपटी बसली की आतला बियांभोवतीचा गर नीट पिकत नाही, हिरवट-पिवळा राहतो, आणि हे कापल्यावरच कळतं. आम्ही यंत्राने भरलेले आणि हाताने ओतलेले दहा-दहा टोमॅटो बाजूला ठेवले आणि सहा दिवसांनी कापले. हाताने ओतलेल्या दहापैकी चारांत तो हिरवट गर होता, यंत्राच्या दहापैकी एकात. दहा फळांवरून शास्त्र सिद्ध होत नाही हे मान्य, पण ते चार टोमॅटो टेबलावर उघडे पडलेले बघून मावशींनी त्या दिवसापासून क्रेट ओतणं बंद केलं. आता काकडीचे हाताने भरायचे क्रेटसुद्धा त्या तिरके धरून भरतात.

सिलिंडरला एकच पथ्य आहे. कंप्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी रोज संध्याकाळी सोडा. आम्ही पावसाळी हवेत आठवडाभर सोडलं नाही, तर पाणी व्हॉल्व्हपर्यंत पोचलं आणि क्रेट झटके खात उतरायला लागला. ज्या आपटीपासून वाचायचं, तीच आपटी.

भरण्याची उंची ठरवताना काठापासून दोन-तीन सेंटिमीटर खालीच थांबवा. क्रेटवर क्रेट चढला की वरचा भार क्रेटच्या भिंतींनी पेलायचा असतो, टोमॅटोंनी नाही. यंत्र वजनावर चालतं, उंचीवर नाही, त्यामुळे मोठ्या पोकळ ढोबळी मिरचीला पंधरा किलोचं सेटिंग तसंच ठेवलं तर मिरच्या काठावर येतात. प्रत्येक मालाला वेगळं सेटिंग हवं. यंत्रात वीस साठवता येतात, आम्ही सहा वापरतो.

धुण्याबद्दल थोडक्यात: आमचा लोडसेल आयपी६७ दर्जाचा आहे (धूळ-पाणी आत जाऊ न देण्याचा दर्जा), आणि मला वाटायचं की म्हणजे कसंही धुवा. तसं नाही. शेवटचा ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. जोराच्या फवाऱ्याची चाचणी वेगळी असते, ती ५ आणि ६ या आकड्यांची. ज्यावर फक्त ६७ लिहिलंय, त्याला फवारा चालेलच असं नाही. प्रेशर वॉशरचं तोंड सेलवर धरू नका. पट्टा, रोलर, मोटर, गिअरबॉक्स यांची काहीच तक्रार नाही. एक बेअरिंग बदललं, तेवढंच.

रोलरखाली साचणाऱ्या चिखलाकडे मात्र लक्ष ठेवा. सेलची फळी आणि खालची चौकट यांत बोटभर फट असते. तिथे वाळलेल्या मातीचा ढेकूळ अडकला की थोडा भार चौकटीवर जातो, वजन कमी दिसतं आणि यंत्र जास्त माल भरतं. आम्ही दर सोमवारी एक प्रमाणित वजन चारही कोपऱ्यांवर आणि मग मध्ये ठेवून बघतो. पाच आकडे जुळले की काम सुरू.

परत रिफ्लेक्टरकडे येतो, कारण टेअरची मर्यादा लावूनही माझं समाधान झालेलं नाही. क्रेट थोडा तिरका बसला, तरी रोलरवर दीड किलो भार येऊ शकतो. म्हणून आम्ही पुढच्या अडणीवर एक साधा यांत्रिक स्विच बसवून घेतला. क्रेट शेवटपर्यंत येऊन त्याला दाबतो तेव्हाच माल सुटतो. सेन्सर, वजन आणि स्विच तिन्ही 'हो' म्हणाले तरच पट्टा चालतो. स्विचची वायर अशी जोडली आहे की ती तुटली तर यंत्र थांबतं. खर्च यंत्राच्या किमतीपुढे नगण्य आला, आणि हा स्विच कारखान्यातूनच लावून आला असता तर तेवढाही आला नसता.

नवीन यंत्र घेणाऱ्यांना एकच सांगतो. प्रात्यक्षिकाला जाल तेव्हा त्यांच्या स्वच्छ क्रेटमध्ये पडणारा माल बघत बसू नका. क्रेट काढून घ्या, रिफ्लेक्टरवर तळहात धरा आणि पट्टा सुरू होतो का बघा. सुरू झाला तर मेनूचा पासवर्ड आणि किमान टेअरचं सेटिंग लेखी मागून घ्या, मगच पुढचं बोला.

भेटीचं बिल मी अजून भरलेलं नाही. पडद्यावरच्या उणे १.८ चा फोटो जोडून ते परत पाठवलं आहे, आणि यंत्र बसवताना हे सेटिंग शून्य का ठेवलं होतं एवढाच प्रश्न विचारला आहे. उत्तर आलं की इथेच खाली लिहीन.