बाकल्याच्या बियाण्याचं पाकीट: दाणा लई चांगला, पण वरचं वेळापत्रक आपल्याकडं चालत नाही

पाचपैकी 4 स्टार देतेय, आणि पाचवा का दिला नाही तेही सांगते. परभणीत घराच्या मागं आमची परसबाग आहे, जमीन काळी, आणि हिवाळ्यात मेथी, वाटाणा, गाजर नेहमीचंच असतं. बाकला, म्हणजे इंग्रजीत ब्रॉड बीन किंवा फाबा बीन म्हणतात तो, मात्र आपल्याकडं फारसा कुणी लावत नाही म्हणून हे पाकीट ऑनलाइन मागवलं. 20 दाणे, दीडशे रुपये. म्हणजे एका दाण्याला साडेसात रुपये पडले, ऐकायला जास्त वाटतं पण बाकल्याचं एकेक झाड बुडातून तीन-चार फांद्या काढतं, त्यामुळं घरापुरत्या शेंगांना हे एक पाकीट बास होतं. आणि हा आपला मांडवावर चढणारा वाल नाही बरं का, बाकला ताठ उभा वाढतो, त्याला वेल नसतो की तणावे नसतात, कमरेएवढं झाड होतं.

दाण्याबद्दल तक्रार नाहीच. मोठे, चपटे, अंगठ्याच्या नखापेक्षा मोठे, फिकट तपकिरी, आणि एका टोकाला काळी रेघ. भरीव, सुरकुतलेले नाहीत. एका दाण्याला भुंग्याचं भोक होतं तेवढं सोडलं तर सगळे टोपल्यात ठेवून बघत बसावेत असे होते. उगवण पण जोरात झाली, लावलेल्यातले जवळजवळ सगळे वर आले.

उगवण्याची तऱ्हा मला लई आवडली म्हणून जरा सविस्तर लिहिते. घेवडा उगवतो तेव्हा त्याच्या दोन्ही डाळी मातीच्या वर येतात ना, बाकल्याचं तसं नसतं, दाणा खालीच राहतो आणि वर येतो तो नुसता कोंब, जाडजूड, मान खाली घातलेला, मग एक-दोन दिवसांत मान वर करतो आणि पानं उघडतात. खोड हाताला चौकोनी लागतं, चार धारा स्पष्ट कळतात, आणि आतून पोकळ. दाणा खाली राहण्याचा फायदा असा की खारुताईनं शेंडा कुरतडला तरी खालून दुसरा कोंब फुटतो, आमच्या एका रोपाचं अगदी असंच झालं आणि ते रोप पुढं बाकीच्यांच्या बरोबरीनं वाढलं. म्हणून शेंडा गेला की लगेच रोप उपटून टाकू नका.

आता तक्रार. पाकिटाच्या मागं छापलंय की पेरणी सप्टेंबर ते मार्च कधीही करा. हे कुठल्या गावासाठी लिहिलंय काय की, मराठवाड्यासाठी नक्की नाही. बाकला हे थंडीचं पीक, बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशात रब्बीतच घेतात, विलायतेत तर नोव्हेंबरात पेरून बर्फातून पण निघतो म्हणतात. थंडी त्याला सोसते, ऊन सोसत नाही. हवा 27-28 अंशांच्या वर गेली की फुलं गळायला लागतात. आपल्याकडं सप्टेंबरात पाऊस असतो, काळ्या जमिनीत पाणी साचून दाणा सडतो, ऑक्टोबर हीटमध्ये पारा 33-34 वर, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरलं तर फुलं यायच्या टायमाला उन्हाळा डोक्यावर. म्हणजे आपल्या हातात उरतं काय, तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य, एवढाच काळ. दिवाळीच्या आसपास पेरा असं सरळ धरून चाला. पेरल्यापासून हिरव्या शेंगा यायला साधारण तीन महिने लागतात, मग जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीत तोडणी होते आणि ऊन वाढायच्या आत झाड आपलं काम करून बसतं. हे विकणाऱ्यांनी दोन ओळींत छापलं असतं तर कितीतरी लोकांचे पैसे वाचले असते. रिव्ह्यूमध्ये खाली बरेच जण म्हणायलेत की नुसती फुलं आली, शेंग एक धरली नाही, त्यांचं कारण हेच असणार.

आणि नोव्हेंबरात पेरलं तरी आपल्याकडं डिसेंबरात पण दुपारी 28-29 होतंच, त्यामुळं पहिली काही फुलं गळतात, घाबरू नका. रात्री गार पडायला लागल्या की पुढची धरतात. दुपारी सावली येईल अशी जागा द्या, आम्ही भिंतीच्या पूर्वेला लावलेत तिथं फरक डोळ्यांना दिसतो.

जमिनीचं म्हणाल तर काळ्या मातीत सपाट वाफ्यात लावू नका, वरंब्यावर लावा. पाणी देऊन वाफसा आला की मग टोबायचं, दोन इंच खोल, एक-एक वीत अंतरावर, दोन ओळी जवळजवळ. नंतर उगवेपर्यंत पाण्याचा मारा नको, काळी माती ओल धरून ठेवते आणि हा दाणा मोठा असल्यामुळं चिखलात लवकर कुजतो. टोबायच्या आधी बियाण्याला आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातलं बायोमिक्स (उपयोगी बुरशी-जिवाणूंचं मिश्रण) चोळलं होतं, रोगाची बुरशी लागू नये म्हणून. 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाला विद्यापीठात रब्बीचा मेळावा असतो, तिथून येताना घेऊन यायचं.

रायझोबियमचं, म्हणजे मुळांवर गाठी करणाऱ्या जिवाणूच्या कल्चरचं, मात्र नीट बघून घ्या. इथल्या एका दुकानात मला हरभऱ्याचं कल्चर हातात दिलं, म्हणे सगळ्या कडधान्याला चालतं. नाही चालत. हरभऱ्याच्या मुळावर गाठी करणारा जिवाणू वेगळा, बाकल्याला लागतो तो वाटाणा-मसूरवाल्या गटातला. त्यामुळं एकतर वाटाण्याचं कल्चर मागा, नाहीतर मागच्या वर्षी जिथं वाटाणा होता तिथंच बाकला टोबा. आम्ही वाटाण्याच्याच जागेवर लावला, आणि तोडणी झाल्यावर एक झाड हळूच उपटून बघितलं तर मुळांवर गाठीच गाठी, नखानं फोडली की आतून गुलाबी. गुलाबी म्हणजे गाठ काम करायलीय, हवेतला नत्र धरायलीय. म्हणून झाडं उपटून फेकू नका, वरून कापा आणि मुळं जमिनीतच राहू द्या, त्या जागेवर पुढं पालेभाजी चांगली येते.

अजून एक गोष्ट पाकिटावर असायला पाहिजे होती. पान जिथं खोडाला चिकटतं तिथं दोन छोटी उपपानं असतात आणि त्यांच्यावर काळपट ठिपका असतो. नवीन माणसाला वाटतं रोग आला आणि तो लगेच फवारणी करतो. तो रोग नाही, तिथं मधासारखा गोड रस सुटतो आणि त्यासाठी मुंग्या येतात. फुलाच्या पाकळीवरचा काळा डाग पण तसाच जन्माचा, पांढऱ्या फुलावर काजळाचं बोट लावल्यासारखा. खरा त्रास काळ्या माव्याचा. तो कोवळ्या शेंड्यावर बसतो, म्हणून खालच्या शेंगा धरल्या की शेंडे खुडून टाका, मावा निम्मा तिथंच संपतो. उरलेल्याला निंबोळी अर्क, तोही संध्याकाळी, कारण दिवसा फुलांवर मधमाश्या असतात आणि त्यांच्याशिवाय शेंगा नीट धरत नाहीत. ढालकिडे (लेडीबर्ड) दिसले तर फवारूच नका, ते मावा खातात.

झाड उंच झालं की वाऱ्यानं लोळतं, त्याला तुराट्या रोवून सुतळीनं वेढा दिला की झालं.

चव! कोवळ्या शेंगा घेवड्यासारख्या चिरून, लसूण-हिरवी मिरची आणि शेंगदाण्याचं कूट घालून, ज्वारीच्या भाकरीबरोबर. शेंग जुनी झाली की दाणे काढायचे, उकडून वरचं जाड साल चिमटीत धरून सोलायचं, आतला दाणा हिरवागार निघतो, त्याची येसर घालून आमटी केली. सासूबाई नवीन भाजीला सहसा हात लावत नाहीत, त्यांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली.

पण खायच्या आधी हे वाचा, आणि हा शब्द पाकिटावर नाही याचा मला खरंच राग आला. ज्यांच्या अंगात जी सिक्स पी डी नावाच्या एन्झाइमची कमतरता आहे त्यांनी बाकला अजिबात खायचा नाही, कच्चा पण नाही, शिजवलेला पण नाही. त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, डोळे पिवळे पडतात, लघवी गडद होते, आणि लेकरांना जिवावर बेतू शकतं. हे आनुवंशिक असतं, मुलांमध्ये मुलींपेक्षा जास्त दिसतं. घरात कुणाला हे निदान झालेलं असेल तर हे पीक लावूच नका, आणि शंका असेल तर रक्ताची तपासणी होते, डॉक्टरला विचारा. शेजारी शेंगा वाटताना आम्ही प्रत्येक घरी हे सांगूनच दिल्या.

पाचवा स्टार कापला तो या दोन गोष्टींसाठी, आणि तिसरी म्हणजे लेबल. पाकिटावर पॅकिंगची तारीख आहे पण उगवण टक्का नाही, चाचणीची तारीख नाही, लॉट नंबर पुसट. कृषी केंद्रात सोयाबीनची बॅग घेताना आपण निळा टॅग (प्रमाणित बियाणं) आहे का हिरवा (सत्यतादर्शक) ते बघतो, चाचणीपासून नऊ महिन्यांची मुदत बघतो, मग परसबागेच्या बियाण्याला हा नियम का नको? या वेळी दाणा ताजा निघाला, दरवेळी निघेलच असं नाही.

हे सरळ वाण आहे, संकरित नाही, त्यामुळं बी घरी धरता येतं. आम्ही दोन चांगली झाडं तशीच सोडली, शेंगा काळ्या पडून वाळल्यावर दाणे काढले, उन्हात कडक वाळवले आणि कडुनिंबाचा पाला घालून बरणीत भरले, भुंगा लागू नये म्हणून. परभणीत कुणाला दिवाळीला लावायचे असतील तर खाली कमेंट करा, चार-चार दाणे देता येतील.